तिमाजीपंतांची शाळा आणि कोरडा तलाव यांची हकीकत

श्री. विद्येची देवता आणि विसराळू माणसांस सांभाळणारे जे कोणी दैवत असेल ते, उभयतांस नमस्कार करून लिहितो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्याच्या नगरात जे घडले ते येथे यथास्थित लिहिले आहे. राज्याचे नाव सांगत नाही, कारण वाचणारा ते आपलेच समजेल आणि उगाच राग धरील.

त्या नगरी तिमाजीपंत म्हणून पंतोजी होते. त्यांनी चाळीस वर्षे शाळा चालविली, आणि शाळेचा लौकिक ऐसा की प्रश्नोत्तरांची एक पोथी होती, तीत दोनशे प्रश्न आणि दोनशे उत्तरे, आणि प्रत्येक मूल ती अक्षर न चुकता म्हणे. म्हणताना डोळे मिटावे असा रिवाज होता. उघड्या डोळ्यांनी मन भरकटते आणि पाठ अडखळतो, ऐसे पंत सांगत. त्या शाळेतली मुले पुढे दरबारच्या दफ्तरात कारकून जाहली, आणि तेथेही पोथीबाहेर पाऊल टाकिले नाही. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक, म्हणून अधिक बोलवत नाही.

आता पोथीत एक प्रश्न होता की नगराच्या पूर्वेस काय आहे, आणि उत्तर होते की पूर्वेस थोर तलाव आहे, तो बारमाही आहे, तेणेकरून प्रजा सुखी आहे. पोथी लिहिली तेव्हा हे खरेच होते. मग चार वर्षांमागे बांध फुटला आणि पाणी एका दिवसात वाहून गेले, आणि पूर्वेकडच्या बायका कोसभर लांबच्या ओढ्यावरून घागरी आणू लागल्या, आणि मुले वळसा वाचावा म्हणून तलावाच्या भेगाळलेल्या तळातून चालत शाळेस येत, आणि शाळेत बसून डोळे मिटून तलाव बारमाही आहे म्हणत. पंतही त्याच वाटेने येत. बांध दुरुस्त करावा म्हणून रयतेने दर साल अर्ज केला, आणि दफ्तरातून दर साल शेरा गेला की तलाव बारमाही आहे, सबब दुरुस्तीचे प्रयोजन नाही. पैकी दोन सालचे शेरे याच हाताने लिहिले. लाज वाटते, पण लिहिले खरे.

ऐसे असता फाल्गुनात सालाबादची परीक्षा आली, आणि राज्याच्या धनीण आईसाहेब स्वतः येऊन बसल्या, आणि शास्त्रीबोवा परीक्षक जाहले. जे मूल चुकेल त्याचे नाव पटावरून कमी करावे ही रीत. मुलींस शाळा खुली होऊन दोनच वर्षे जाहली होती, आणि साळू कुंभारीण, वय अकरा, तिच्या बापाने घरच्या कामातून सोडून मोठ्या हौसेने तिला पाठविले होते. तिला नेमका तलावाचाच प्रश्न आला. तिने डोळे मिटले नाहीत. ती बोलली, "पूर्वेला तळं होतं, आता नाही. मी सकाळी त्यातूनच चालत आले, माझे पाय बघा."

शास्त्रीबोवांनी पोथी पाहिली, उत्तर चुकले म्हणाले, आणि नाव खोडण्यास बोरू उचलला. साळूने ओठ दाबून धरले, पण बोलणे मागे घेतले नाही. तेव्हा आईसाहेबांनी पंतांकडे वळून पुसिले की मुलगी चुकली काय. पंतांनी सवयीने डोळे मिटले, आणि सारे उत्तर जिभेवर येऊन उभे राहिले. ते म्हणावे तर मुलगी जाते, न म्हणावे तर चाळीस वर्षांचा लौकिक जातो. मग त्यांनी डोळे उघडून खाली पाहिले, तो स्वतःच्या घोट्यापर्यंत तळातली पांढरी माती.

"मुलगी चुकली नाही," पंत बोलिले. "मी चुकलो. मीही तिथूनच आलो."

नाव राहिले. आईसाहेबांनी बांध दुरुस्त करण्याचा हुकूम दिला, आणि पंतांस सांगितले की तो का फुटला हे मुलांकडून शोधून घ्यावे, नाही तर पुन्हा फुटेल. तिसरे दिवशी पंत साठ मुले घेऊन बांधावर गेले आणि विचारिले की बांध का फुटला असेल. तो सर्वांनी डोळे मिटले. शाळेत पहिला येणारा जिवाजी हात जोडून म्हणाला, "पंतोजी, आपण उत्तर सांगावे. आम्ही उद्यापर्यंत पाठ करतो."

पंत त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. आपण आयुष्यभर काय केले ते त्यांस एकदम दिसले, आणि रडू आले, ते त्यांनी लपविले नाही. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही रे." ऐसे वाक्य मुलांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकिले नव्हते. लहान होती ती भ्याली, आणि भिऊन का होईना, डोळे उघडले. साळू खाली उतरून खिंडारात हात घालून पाहू लागली आणि म्हणाली की घुशींनी पोखरला. जिवाजी घुटमळला, मग तोही उतरला, आणि म्हणाला की बिळे तर त्या अंगास आहेत, फुटला या अंगास, येथे झाडाचे मूळ कुजले आहे. दोघे भांडू लागली, बाकीची भोवती जमली, आणि पंत दगडावर बसून ऐकत राहिले.

इतकी हकीकत. बांध ज्येष्ठात पुरा जाहला. तो का फुटला याविषयी शाळेत अद्याप दोन पक्ष आहेत, आणि पंतांनी निकाल दिलेला नाही. लेखक काल स्वतः जुने खिंडार होते त्या जागी गेला, उरलेली मुळे उकरून पाहिली, आणि त्याचे मत जिवाजीच्या बाजूने पडते. ते चूकही असेल. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यानेच स्वतःचे मत जाहले, म्हणून लिहून ठेविले.