बारा डब्यांची आलापल्ली स्वारी

श्री. ऊर्जानगर येथील सायकल मंडळाने आलापल्लीवर स्वारी केली, तिचा मजकूर मागाहून येणाऱ्या पिढ्यांस कळावा, आणि अध्यक्षांनी नोटीस बोर्डावर लाविलेला वृत्तांत कोणी खरा मानू नये, म्हणोन ही हकीकत लिहिली असे. लिहिणारास मंडळाकडून पगार नाही, चहाही नाही, सबब भीडही नाही. शके १९०८, क्षयनाम संवत्सर, पौष मास, इंग्रजी साल सत्त्याऐंशी, वार रविवार.

ते समयी वीजकेंद्राच्या चिमण्या अहोरात्र धूर सोडीत, दोरीवरची पांढरी धुणी दुपारपर्यंत करडी होत, आणि क्वार्टरांच्या त्या नगरीत बारा असामींचे सायकल मंडळ नांदत होते. मंडळाचे अध्यक्ष श्रीमंत दिगंबरराव कोतपल्लीवार साहेब, शिफ्टचे इंजिनिअर, तीन गिअरच्या विलायती सायकलीचे धनी, बहुत वजनदार. वजन येथे किलोत समजावे. बाकी दहा सरदार आपापल्या वकुबाप्रमाणे शूर. आणि बारावे सोमाजी निमगडे, कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारे, चोवीस इंची काळ्या सायकलीचे स्वार, ज्यांच्यापायी ही बखर लिहावी लागली.

मंडळाच्या पहिल्याच बैठकीत साहेबांनी फर्मान काढिले की, जो असामी स्वारीत शेवटी पोहोचेल, त्याने त्या दिवशीचे सर्वांचे उष्टे डबे घरी नेऊन घासोन द्यावे, आणि पुढील स्वारीत सर्वांचे भरलेले डबे आपल्या कॅरिअरवर वाहावे. हेतू हा की शरमेने माणूस वेगवान होतो. मग भद्रावतीच्या स्वारीत सोमाजींचे टायर फुटले आणि ते शेवटी आले. मग मूलच्या स्वारीत बारा डबे लादून निघाले, आणि ओझ्यापायी शेवटी आले. मग शेवटी आले म्हणोन मार्कंड्याच्या स्वारीत पुन्हा डबे, आणि डबे म्हणोन पुन्हा शेवटी. ऐसे वर्ष लोटले. अकरा शहाण्यांच्या ध्यानी हे गणित आले नाही, अथवा आले आणि गप्प राहिले. इंजिनिअर लोकांस गणित येत नाही ऐसे आमच्याने लिहवत नाही.

घरी मात्र दुसरी आघाडी होती. डबे सोमाजी स्वतःच घाशीत, परंतु मोरी रुखमाबाईंची, आणि रुखमाबाई म्हणजे त्यांचे कुटुंब. सोमाजींचे वडील लहानूजी यांनी छप्पन साली चांद्यास जाऊन दीक्षा घेतली, आणि गावी परतल्यावर पहिले काम हे केले की पाटलाघरचे शिळे-उष्टे आणणे कायमचे बंद केले. त्या घरात देव नव्हते, देवांच्या जागी ही गोष्ट होती, आणि भिंतीवर हार घातलेला लहानूजींचा फोटो होता. आलापल्लीचा बेत कानी येताच रुखमाबाईंनी हातातले काम खाली ठेविले आणि आवाज न चढविता बोलल्या.

"मामाजीनं छप्पन साली लोकायचं उष्टं उचलणं सोडलं, अन् तुमी ते सायकलवर बांधून घरी आणून राह्यले. ह्या खेपेले दुसऱ्याचा एक जरी डबा ह्या मोरीत आला, तर मी तुमाले काई म्हणणार नाई. मामाजीच्या फोटोले सांगीन."

सोमाजींस वाटले, भांडली असती तर बरे होते. ते उठोन गेटाजवळ नूर मोहम्मद मिस्त्री यांचे दुकानी गेले आणि सायकलीत काय खोट आहे ते पाहा म्हणाले. नूर मोहम्मद यांनी चाक बोटाने फिरविले, ते बराच वेळ फिरत राहिले. मग म्हणाले, "सोमाजीभाऊ, चाकात काई दोष नाई. दोष कॅरिअरवर हाये."

मग रविवारी पहाटे चार वाजता फौजेने कूच केले. सोमाजींच्या कॅरिअरवर सुतळीने आवळलेले बारा डबे, त्यांत साहेबांचा चार पुडांचा स्टीलचा, ज्यात पुऱ्या, मटार उसळ, गुलाबजाम आणि चौथ्या पुडात पुन्हा पुऱ्या. बल्लारशा मागे पडले, कोठारी मागे पडले, आणि अकरा सरदार दिसेनासे झाले. मग गोंडपिंपरी ओलांडोन आष्टी नजीक येताच सोमाजींच्या डाव्या पायडलाचे रबर तुटोन पडले आणि नुसता लोखंडी दांडा राहिला. आष्टीत सायकलवाला शोधता भेटला सुतार, नामे पोचू. त्याने सायकलीकडे पाहिले, हाताशी पडलेला सागवानाचा तुकडा उचलला, त्यास भोक पाडिले आणि दांड्यावर ऐसा बसविला की मूळच्याहून बरा.

परंतु पुढे जंगल खात्याचा नाका होता आणि नाक्यावर नाकेदार वारलू, बहुत कर्तव्यदक्ष. त्यांनी बांबूचा आडणा खाली घेऊन सायकल न्याहाळली आणि लाकूड कोणते म्हणोन पुसिले. सोमाजी खरे बोलले. मग नाकेदारांनी सागवानाचा वाहतूक पास मागितला. सोमाजींनी अर्ज केला की हे लाकूड नव्हे, पायडल आहे. नाकेदारांनी फर्माविले की पायडल असो वा पलंग, साग तो साग. मग त्यांनी नियमांचे पुस्तक काढिले. त्यात ट्रकाचा नियम होता, बैलगाडीचा होता, डोईवरच्या मोळीचाही होता, पायडलाचा नव्हता. तासभर विचार करोन त्यांनी लाकडे मोजताना मारावयाचा सरकारी हातोडा आणविला, पायडलावर ठोकोन शिक्का उमटविला आणि आडणा वर केला. ऐसे शिक्कामोर्तब झालेले पायडल पृथ्वीवर दुसरे नसावे.

इकडे अकरा सरदार आलापल्लीच्या अलीकडे दोन कोसांवर पोहोचले तोच साहेबांचे गुडघे बोलू लागले. साहेब रस्त्याकडेच्या सागाखाली बसले, आणि साहेबांस मागे टाकोन पुढे जाण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणोन सगळेच बसले. मग भूक लागली आणि डबे मागे राहिल्याचे स्मरण झाले. बारा वाजले, एक वाजला. साहेबांनी हुकूम सोडिला की जेवल्यावाचून कोणी पायडलास पाय लावू नये. वर्षभर ज्याची कोणी वाट पाहिली नव्हती, त्याच्या वाटेकडे अकरा जण डोळे लावोन बसले.

दीड वाजता सोमाजी आले. त्यांनी सुतळी सोडिली आणि एकेक डबा ज्याचा त्याच्या हाती दिला. साहेब म्हणाले, बसा, जेवा. सोमाजींनी आपला डबा हँडलला अडकविला आणि मोकळ्या कॅरिअरकडे पाहिले. ते वर्षाने मोकळे झाले होते.

"साहेब, दस्तूर डबे वाहायचा होता. वाहिले," सोमाजी म्हणाले. "आता मी जरा पुढं होतो."

अकरा हात उसळीत होते. साहेबांची दुसरी पुरी खाऊन संपेतो कोणाच्या काही ध्यानी आले नाही. मग ध्यानी आले आणि एकच धांदल उडाली. कोणी हात धुण्यास पाणी शोधी, कोणी दुसऱ्याचा बूट घाली. दहा सरदार अर्धपोटी सायकलींवर चढले, आणि या खेपेस साहेबांची भीड कोणी धरिली नाही, कारण मागे राहण्याची किंमत प्रत्येकास ठाऊक होती. परंतु पुढे ज्या मांड्या चालल्या होत्या, त्यांनी वर्षभर बारा डबे ओढिले होते. त्या मांड्यांस आता ओझे म्हणोन काही राहिले नव्हते. सागवानी पायडल करकरत होते, शिक्का वर-खाली होत होता, आणि दहांपैकी एकासही सोमाजींची पाठ सोडोन काही दिसले नाही. आलापल्लीच्या लाकूड डेपोच्या फाटकास सोमाजींनी पहिला हात लाविला. साहेब अर्ध्या तासाने आले, सायकल हाती धरोन.

मग एसटी स्टँडवर साहेबांनी तातडीची सभा भरविली आणि डब्यांचा दस्तूर रानटी असून तो तत्काळ रद्द व्हावा ऐसा ठराव मांडिला. सोमाजींनी अनुमोदन दिले, आणि इतकेच सुचविले की अंमल उद्यापासून व्हावा. दहा हात वर झाले. सायकली गाडीच्या टपावर चढल्या, आणि ऊर्जानगरापर्यंत प्रत्येक खड्ड्यास साहेबांच्या मांडीवर अकरा उष्टे डबे वाजत राहिले.

दिवेलागणीस सोमाजी घरी आले. रुखमाबाईंनी पहिल्याने कॅरिअर पाहिले, मग हँडलला अडकलेला डबा पाहिला, तो काढोन उघडला. भाकरी तशीच, चटणी तशीच.

"काऊन, जेवले नाई?"

"टाइम नाई भेटला," सोमाजी म्हणाले. हे सांगताना त्यांस हसू आवरले नाही.

येणेप्रमाणे आलापल्लीची मोहीम फत्ते झाली. सोमाजी बसोन जेवले, आणि उठोन मोरीत गेले. मोरीत डबा एकच होता, तो आपला त्यांनी आपण घासला. आणि रुखमाबाईंनी पदराने लहानूजींच्या फोटोवरची कोळशाची पूड पुसली आणि त्यांस सगळे सांगितले.