तिसऱ्या वेचणीतला गोल

राजूरच्या संघावर आपण एक गोल करणारच, असं इंदुताईंनी गावातल्या पिठाच्या गिरणीसमोर पाच बायांच्या साक्षीनं जाहीर केलं. वय एकसष्ट. आयुष्यातले एकूण गोल शून्य.

हे शून्य जुनं होतं. दहावीत असताना त्या शाळेच्या हॉकी संघात राखीव खेळाडू होत्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत तीन सामने झाले आणि तिन्ही सामन्यांत त्यांनी मैदानाबाहेर बसून अकरा जणींच्या चपला सांभाळल्या. एकही चप्पल हरवली नाही. गोल मात्र राहून गेला.

पुढं लग्न झालं, वाट्याला आठ एकरांतला कापूस आला, आणि तिथं त्यांना सरावाला जागा मिळाली. कापूस वेचताना हातांना डोक्याची गरज पडत नाही. बोटं बोंडात जातात, कापूस सुटतो, कमरेला बांधलेल्या ओटीत पडतो. डोकं दिवसभर रिकामं. त्या रिकाम्या डोक्यात इंदुताई चाळीस वर्षं हॉकी खेळल्या. दुपार कलली की ऊन दुधासारखं पातळ व्हायचं, पऱ्हाटीच्या ओळी विरघळून शेताचं मैदान व्हायचं, आणि कुठूनसा एक पांढरा चेंडू तरंगत त्यांच्यापुढं येऊन थांबायचा. समोर मोकळा गोल. त्या मारायच्या. रोज जायचा.

गेल्या वर्षी शाळेतल्या खेळाच्या उज्ज्वला मॅडमनी पन्नाशीपुढच्या बायांचा संघ काढला, तेव्हा पहिलं नाव इंदुताईंचं लागलं. दुसरं तांड्यावरच्या सुखीबाईंचं. सुखीबाई डोक्यावर दोन घागरी असल्यासारखी मान ताठ ठेवून धावायच्या. त्यामुळं चेंडू त्यांना दिसत नसे. पायाला लागला की कळे.

घरी नवऱ्यानं, वामनरावांनी, गोलाची घोषणा ऐकली आणि ते चहा सांडेपर्यंत हसले.

"तू गोल केला तं तिसरी वेचणी मी करतो," ते म्हणाले. "तुही ओटी बांधून."

ही पैज साधी नव्हती. त्या गावात कोणत्याही पुरुषानं आजवर कमरेला ओटी बांधली नव्हती. पुरुष कापूस मोजतात, गाडीत भरतात आणि बाया किती हळू वेचतात ते सांगतात.

सामना जानेवारीतल्या रविवारी ठरला. तिसरी वेचणी आदल्याच दिवशी सुरू झाली होती. वेळ वाचावा म्हणून इंदुताई संघाची निळी ट्रॅकपँट घालूनच शेतात गेल्या. अडीचला ऑटो धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, येऊन हॉर्न वाजवू लागला, तेव्हा ओटीत किलोभर कापूस होता. तो ओतायला वेळ नव्हता. त्या तशाच बसल्या.

मॅडमनी मैदानावर ओटी सोडायला सांगितली. इंदुताई म्हणाल्या, "हे सुटलं का माही कंबर सुटते, मॅडम." पंच होते नेमसिंग, निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी नियमांची वही दोनदा चाळली. ओटीबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

सामना चांगला झाला, म्हणजे कोणी जखमी झालं नाही. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा शून्य-शून्य होतं. घड्याळात चार बावन्न. सुखीबाईंच्या पायाला काहीतरी लागलं, म्हणून त्यांनी अंदाजानं काठी फिरवली. चेंडू थेट राजूरच्या गोलाकडं निघाला. त्याला अडवायला राजूरच्या दोघी दोन बाजूंनी धावल्या आणि एकमेकींना अडवून बसल्या. गोलरक्षक बसंतीबाई पुढं आल्या, खाली बसल्या, आणि पायाला बांधलेल्या जाड पॅडमुळं त्यांना उठता येईना. नेमसिंग गुडघा धरून मध्यरेषेवरच थांबले होते. गोलाच्या मागं सूर्य उतरला होता, त्यामुळं बघणाऱ्या सगळ्यांचे डोळे किलकिले झालेले.

धुळीचा पडदा सोनेरी झाला. आवाज लांब गेले, विहिरीतून यावेत तसे येऊ लागले. इंदुताईंपुढं चेंडू येऊन थांबला, पांढरा, हलका, ओळखीचा. समोर मोकळा गोल. चाळीस वर्षं रोज बघितलेलं आता खरंच समोर होतं, आणि ऊनही तेच, दुधासारखं. इंदुताई वाकल्या. डावा हात तेवढ्यात आपलं काहीतरी करून मोकळा झाला, पण हाताकडं कोण बघतं? त्यांनी काठी मागं नेली आणि मारली. रोजच्यासारखीच. समोर पाहिलं तर चेंडू नव्हता.

गोल!

सुखीबाईंनी त्यांना मिठी मारली. नेमसिंगनी लांबूनच शिट्टी वाजवली. फक्त बसंतीबाई बसल्या जागेवरून म्हणत होत्या, "माह्याजवळून तं काहीच गेलं नाही."

मग लक्षात आलं की चेंडू जाळ्यात नाही. जाळं म्हणजे जुनी व्हॉलीबॉलची जाळी होती, आणि तिला शेळी जाईल एवढं भोक होतं. भोकापलीकडं उभी तूर. नेमसिंगनी निकाल दिला की चेंडू तुरीत सापडला तर गोल, नाहीतर नाही. दोन्ही संघ आणि झाडून सगळे प्रेक्षक तुरीत शिरले. तुरीचा मालक धुऱ्यावरून सगळ्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता.

सगळ्यांत कसून इंदुताई शोधत होत्या. प्रत्येक झाडाखाली वाकत होत्या, आणि वाकताना कंबर आज जरा जास्तच जड वाटत होती. अर्ध्या तासानं त्या धुऱ्यावर येऊन बसल्या. गोल परत चालला होता, चपलांच्या दिवसांकडं.

"सापडन ना हो?" सामना बघायला आलेल्या वामनरावांना त्यांनी विचारलं.

वामनरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्या हॉकीबद्दल बोलत असताना त्यांनी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. पाणी पिऊन येतो म्हणून ते संघाच्या सामानाकडं गेले आणि तिथून तुरीत. काही वेळानं त्यांचा हात तुरीवर आला. हातात चेंडू.

"हा घ्या. पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेलता."

एक-शून्य. इंदुताईंना खांद्यावर उचलायचं ठरलं. ते कोणालाच जमलं नाही, म्हणून ऑटोत पुढच्या सीटवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेतात इंदुताईंनी आपल्या हातानं नवऱ्याच्या कमरेला ओटी बांधली. कालचा कापूस अजून तिच्यातच होता. शेजारच्या शेतातल्या बाया वेचायचं सोडून उभ्या राहिल्या.

"हिच्यात दगड भरला का तू?" वामनरावांनी कापसात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात चेंडू होता.

दोघं त्याच्याकडं बघत राहिले. इंदुताईंनी मग आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"वेचला वाट्टे," त्या हळूच म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांना दुसरं काही सुचलं. "मंग तुमी तुरीतून काढला तो?"

वामनराव लांबच्या ओळीकडं बघत होते. "थैलीतला. सरावाचा. तुह्या तोंडाकडं पाह्यलं जाय ना मले."

राजूरला दोघांपैकी कोणीही फोन केला नाही. वामनरावांनी चेंडू खिशात टाकला आणि पहिल्या झाडाशी वाकले. संध्याकाळपर्यंत त्यांचा कापूस साडेचार किलो भरला, पाल्यासकट. किती हळू, हे इंदुताईंनी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत राजूरला परतीचा सामना ठरला, तेव्हा इंदुताईंनी मॅडमकडं एकच मागणी केली, की चेंडू केशरी घ्यावा. मॅडमनी कारण विचारलं.

"आमच्या घरी," इंदुताई म्हणाल्या, "संत्र्याचा बगीचा नाही."