कोकोचे केस, माझं डोकं

कुत्र्याचे केस विंचरायला अक्कल लागते असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी मिशीतल्या मिशीत हसलो असतो. तेव्हा मला मिशी होती.

जिल्ह्याच्या साप्ताहिकात मी वर्षानुवर्षं भल्याभल्यांना विंचरून काढलं आहे. त्यामानाने एक कुत्रा म्हणजे काय! योग्य हत्यार निवडायचं, वरून खाली फिरवायचं, झालं. असं मी रूपाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, छातीठोकपणे सांगितलं होतं. ती माझ्या छातीकडे बघून आत गेली.

कुत्रा आमच्या मुलीचा, संस्कृतीचा. नाव कोको. जात कॉकर स्पॅनियल. रंग गुळाच्या चहाचा, आणि कान असे लांब की पाणी प्यायला लागला की आधी कान पितात आणि मग तो पितो. त्या कानांना केसांची झालर, पोटाला झालर, पायांना झालर. एकूण प्रकार लग्नातल्या घोड्यासारखा, फक्त घोडा लहान. संस्कृती पुण्याला नोकरी करते. तिला काही महिन्यांसाठी कंपनीने बाहेर पाठवलं म्हणून कोको वाशीमला आला. पहिल्या आठवड्यात मी त्याला ‘तो प्राणी’ म्हणत होतो. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या आरामखुर्चीत बसायला लागला आणि मी शेजारी स्टुलावर. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही दोघं रिसोड रस्त्याकडच्या पडीक माळावर फिरायला जाऊ लागलो.

तिथेच घात झाला. त्या माळावर गोखरू आहे. तेच ते काटेरी बोंड, धोतराला चिकटलं की धुण्यापर्यंत सोबत येणारं. कोको त्यात असा लोळला की घरी आला तेव्हा कुत्रा कमी आणि गोखरू जास्त. मी ओढून काढायला गेलो, तो ओरडला, मी घाबरलो. दोन-चार दिवसांत केसांची जट झाली. कानांमागे, काखेत, पोटाखाली नुसत्या गाठी.

आणि नेमका संस्कृतीचा व्हिडिओ कॉल आला. तिने विचारलं, बाबा, त्याच्या कानाला काय झालंय? मी म्हटलं, उजेड नीट नाही. ती वकिलाच्या नजरेने बघत राहिली. मग म्हणाली की तिचं तिकडचं काम संपलंय आणि शनिवारी ती येते आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोको दिवसभर एकटा कोंडला जातो, म्हणून त्याला आमच्याकडेच ठेवावं असं तिच्या मनात होतं. पण त्याची अशी अवस्था होत असेल तर ती त्याला घेऊन जाईल. पुण्यात त्याच्यासारख्यांचं सलून असतं.

फोन ठेवल्यावर मी स्टुलावर बसून राहिलो. कोको माझ्या खुर्चीत झोपला होता. रूपा आत गेली, पुन्हा बाहेर आली. ‘कुत्र्याचं तोंड माझ्या स्वयंपाकघरात नको’ असं पहिल्या दिवशी म्हणणारी ही बाई. म्हणाली, “अहो, काहीबी करा. पण त्याले जाऊ देऊ नका.”



मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर एक परदेशी बाई अशाच कुत्र्याला बारीक तारांच्या ब्रशने विंचरत होती आणि कुत्रा हसत होता. तो ब्रश मी मागवला. तो आला, पण अकोल्यापर्यंत. पुढे तो अकोल्यातच रमला. रोज सकाळी मोबाईल सांगायचा, आपलं पार्सल अकोल्यात आहे. मी म्हणायचो, असू दे बाबा, तुझं तरी बरं चाललंय.

मग बाजार पालथा घातला. पोळ्याचं सामान विकणाऱ्याने बैलाला घासायचा खरारा दिला. तो कोकोने नुसता बघितला आणि पलंगाखाली गेला. रूपाने तिची उवांची फणी दिली. पहिल्या गाठीला तिचे चार दात गेले. शिंप्याची कात्री आणली, पण केस कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते हे त्या जटेत दिसेना, म्हणून ती मी तशीच मिटून ठेवली. सगळी हत्यारं मी ओसरीत सतरंजी अंथरून ओळीने मांडली आणि त्यांच्यासमोर परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा बसलो.

अशा वेळी किसनसिंग आला. किसनसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, कचेरीत माझ्यासोबत होता, आता म्हशी पाळतो. पिशवीतून त्याने एक मशीन काढली. पाण्याच्या मोटारीएवढी जड, जबडा मगरीचा. चालू केली तर शेजारच्या घरातला टीव्ही थरथरला.

“सायेब, इच्यानं मी म्हशी भादरल्या, बकऱ्या भादरल्या,” तो म्हणाला. “तुमचं कुत्रं तं किस झाड की पत्ती.”

दोन मिनिटांत कोरा होईल म्हणाला, आणि मशीन ठेवून गेला.

आता माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. मशीन गरम होते का? ओढते का? चावते का? मुक्या जिवाला लावायची तर आधी माणसाने स्वतः अनुभव घ्यावा, असा मी थोर विचार केला. कानामागे, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, जरासं टेकवून बघू.

म्हशीच्या पाठीसाठी बनवलेल्या मशीनला ‘जरासं’ कळत नाही. कानामागे टेकवली ती थेट टाळूपर्यंत गेली. नांगराने धरलेल्या तासासारखी सरळ. आरशात बघितलं तर डोक्यावरून वाशीम-अकोला रस्ता. चौपदरी.

कोकोचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. दुकानात गर्दी होती. मी टॉवेल काढला. खाली मान घालून हळूच म्हणालो, सगळे काढून टाक बाबा. दुकान एकदम गप्प झालं. न्हाव्याने टीव्हीवरचं गाणं बंद केलं. नंबर लावून बसलेली दोन माणसं उठली आणि मला पुढे केलं. मला वाटलं, वयाचा मान. लाजेने मी डोळे मिटून घेतले. त्यानेही एक शब्द काढला नाही. डोळे उघडले तेव्हा केस नव्हते, मिशी नव्हती, मागे चार केसांची शेंडी तेवढी होती, आणि डोक्यावर तुरटी फिरवून सुगंधी पावडर लावली होती. न्हाव्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ही हजामत एवढी वाईट दिसते का, असं मला वाटून गेलं.

घरी आलो. कोकोने मला बघितलं. मग वास घेतला. तुरटी, पावडर आणि खाली कुठेतरी म्हैस. त्याच्या ओळखीचं त्यात काहीच नव्हतं. तो पलंगाखाली गेला आणि तिथून असा गुरगुरला की मी माझ्याच घरात चोरासारखा उंबऱ्यावर थांबलो. हाका मारल्या, बिस्किट दाखवलं, टोपी घातली, टोपी काढली. टोपी काढल्यावर जास्त गुरगुरला. शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. जटा तशाच, आणि आता कुत्रा हातातही येईना. शेवटी टॉवेल खांद्यावर टाकून मी ओसरीत सतरंजीवर येऊन बसलो.

तेवढ्यात शेजारचे रामकिसनभाऊ आले. सतरंजीवर बसले. माझ्या डोक्याकडे बघितलं, खाली बघितलं, मोठा सुस्कारा सोडला आणि बऱ्याच वेळाने उठून गेले. पाठोपाठ त्यांच्या घरून पिठलं-भाकरीचा डबा आला. रूपा म्हणाली, शेजार असावा तर असा. आम्ही दोघं पोटभर जेवलो.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. माणूस डोकं भादरून, खांद्यावर टॉवेल टाकून, ओसरीत सतरंजीवर बसलेला दिसला, तर कोण गेलं असं कुणी विचारत नाही. जो विचारतो तो परका. आपल्या माणसाने येऊन बसायचं, जमिनीकडे बघायचं, सुस्कारा सोडायचा. कोण गेलं ते आपोआप कळतं. रामकिसनभाऊंना ते असं कळलं: माझे आईवडील केव्हाच गेले. मिशीसुद्धा काढली, म्हणजे माणूस वडिलांच्या जागचं. धनजचे माझे चुलते पंजाबकाका, वय झालेले, मूलबाळ नाही, पुतण्या तोच मुलगा, आणि दिवाळीत दवाखान्यात होते. संपलं. पंजाबकाका गेले.

शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर ओसरीत माणसं बसलेली. गल्लीतली, कचेरीतली, आसपासच्या खेड्यांतली. बायका आत रूपाजवळ. सगळे गप्प. मधूनच एखादा सुस्कारा. मी रामकिसनभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की हे कुत्र्यासाठी केलंय, मशीन तपासून बघत होतो. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, “भाऊ, डोकं शांत ठेवा.” आणि दुसऱ्या एकाला हळूच म्हणाले, लई मनावर घेतलं यांनी.

मी धनजला फोन लावला. काका उचलेनात. खरंच तर नाही ना? एकीकडे संस्कृतीची गाडी यायची वेळ, एकीकडे पलंगाखाली जटांचं गाठोडं गुरगुरतंय, आणि ओसरीत माणसं वाढतच आहेत. एकाने तर मला पाणी पाजलं. मी प्यायलो. काय करणार?

तेवढ्यात दारात जीप थांबली. जीपमधून आधी काठी उतरली आणि मागून पंजाबकाका. खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. वाशीमच्या पुतण्याने डोकं भादरलं एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

“कोन गेलं रे?” काका मला म्हणाले. “मले काहून नाई सांगतलं? मी का परका हाओ?”

मी रामकिसनभाऊंकडे बघितलं. शेवटी रामकिसनभाऊ उठले. भला माणूस, खोटं बोलवत नाही. म्हणाले, “काका, तुमीच गेले ना.”

काकांनी स्वतःकडे खालून वर बघितलं.

“कवा?”

मग सगळा उलगडा झाला. म्हणजे मी सांगितलं आणि या वेळी काका जिवंत असल्यामुळे लोकांना पटलं. काका रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा. पण काका सतरंजीच्या मधोमध बसले, चष्मा लावला आणि आलेल्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली. एकेकाला नाव घेऊन ओळखलं. चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. मग मध्येच थांबून म्हणाले, “बांधाशेजारचा हरीओम नाई दिसत.” कुणीतरी सांगितलं, निघाला असंल. काका म्हणाले, “निघाला असंल तं ठीक हाये.”

आणि ऑटो आला.

संस्कृतीने फाटकातून बघितलं. ओसरीभर टॉवेल टाकलेली माणसं. तुळतुळीत बाप. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने हाक मारली, आई? रूपा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. संस्कृतीने काकांकडे बघितलं, काका बसलेले. घरातली माणसं तिने डोळ्यांनीच एकेक करून मोजली आणि मग एकच जण उरला.

“कोको कुठंय?”

सवयीने एकाने सुस्कारा सोडला. ती फाटकातच बॅगेवर बसली आणि तोंडावर हात घेतला.

पण तिचा आवाज आत पोचला होता. पलंगाखालून तो सुटला. माणसांमधून, काठीवरून, वाटेत एक क्षण थांबून माझ्यावर भुंकून तो थेट तिच्या अंगावर गेला. ती हसत होती, रडत होती. मग तिचा हात त्याच्या कानाला लागला आणि तिथेच थांबला. गाठीमागून गाठ तिने चाचपली.

मी सगळं क्रमाने सांगायला लागलो. अकोल्यातला ब्रश, खरारा, फणीचे दात, किसनसिंगची मशीन. ती माझ्या डोक्याकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे मशीन तुम्ही आधी स्वतःला लावली?”

“हो.”

“कशाला पण?”

“त्याला दुखलं असतं तर?”

ती आत निघून जाईल, त्याची साखळी शोधेल, बॅग भरेल असं मला वाटलं. तोवर काकांनी काठी बाजूला ठेवली आणि कोकोला हात केला. परक्याकडे न जाणारा तो कुत्रा मुकाट्याने त्यांच्या मांडीवर गेला. काकांनी एक कान उलटा केला. “गोखरू तं हाये,” म्हणाले. “याले मशीन कायले पायजे?” आणि दोन बोटांनी एक बोंड अलगद सोडवलं.

सगळे कापूसवाले, बोटांना वेचणीची सवय. सांत्वनाला आलेली माणसं, आणि सांत्वन करायला कुणी उरलं नव्हतं. हात मोकळे होते. एकाने दुसरा कान घेतला, एकीने शेपटी, रामकिसनभाऊंनी पाय. रूपाने खोबरेल आणून गाठींवर सोडलं. वेचणीला बसल्यासारखी माणसं कोकोभोवती बसली, गप्पा सुरू झाल्या, आणि तो चारी पाय वर करून पोट पुढे करून पडला. दुपार कलली तेव्हा सतरंजीवर गोखरूचा ढीग होता आणि मधोमध स्पॅनियल. हरीओम उशिरा पोचला. काकांनी त्याला पोटाखालचा भाग दिला.

सोमवारी संस्कृती एकटीच पुण्याला गेली. जाताना म्हणाली, मशीन परत करा, एवढंच. अकोल्याचा ब्रश मंगळवारी आला.

आता मी रोज सकाळी कोकोला विंचरतो. तो आपणहून येतो, समोर बसतो, हूं का चूं करत नाही. फक्त ब्रश लावण्याआधी एकदा माझ्या डोक्याकडे बघतो, मग खाली जमिनीकडे बघतो आणि मोठा सुस्कारा सोडतो.

विचारत मात्र काही नाही.