कव्हरचा फरक

राजापेठेतले झेरॉक्सवाले रशीदभाई कॉम्प्युटर आणि आयटी या दोन शाखांच्या नोट्स एकाच गठ्ठ्यातून विकतात. कव्हर तेवढे वेगळे: कॉम्प्युटरला निळे, आयटीला हिरवे. डेटा सायन्स सुरू झाल्यावर त्यांनी पिवळा कागद मागवला.

"आत काय बदललं?" मी विचारले.

"पिवळा कागद महाग आहे," ते म्हणाले.

प्रवेशाच्या दिवसांत दुकानापुढे पालकांची गर्दी असते. समुपदेशकाला फी देऊन आलेलेही शेवटी इथेच येतात. रशीदभाई गुण विचारत नाहीत. दोन अभ्यासक्रम काउंटरवर शेजारी ठेवतात, अंगठा ओला करून पाने उलटतात आणि निकाल देतात. "पह्यलं वर्ष सेम. दुसरं सेमच समजा. तिसऱ्यात दोन पेपर इकडचे तिकडे. काहून रडून राहिले?"

चांदूर रेल्वेच्या एका गृहस्थांना मुलासाठी इलेक्ट्रिकल की इलेक्ट्रॉनिक्स हे ठरत नव्हते.

"पोराले विचारलं का?"

"त्याले काय समजते?"

"मग तुमीच बसा ना काका वर्गात."

रशीदभाईंची मुलगी सना इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. झाली. यंदा एम.टेक.साठी तिला दोन ठिकाणी जागा मिळाली: अकोल्यात इलेक्ट्रॉनिक्स, चेन्नईत चिप डिझाइन. अकोल्याहून रोज संध्याकाळी घरी परतता येते. आठवडाभर रशीदभाई गिऱ्हाइकांनाही ऐकवत होते, "एकच चीज आहे. नावाचा फरक."

रविवारी ते सनाला आणि दोन्ही अभ्यासक्रम घेऊन माझ्या घरी आले. "साहेब, तुमचं इंग्रजी पक्कं आहे. सेम आहे ते हिले दाखवून द्या."

मी चेन्नईचे एकेक पान अकोल्याच्या अभ्यासक्रमाशी ताडून वाचत गेलो. जुळलेल्या पानावर ते पेन्सिलीने खूण करत. शेवटी पाच पानांवर खूण होती. बावीस कोरी राहिली. त्यांनी ती स्वतः पुन्हा मोजली. बावीसच निघाली.

"अब्बा, मेरेको वही सीखना है," सना म्हणाली.

रशीदभाईंनी पाने गोळा केली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. मग मुलीकडे न पाहता मला विचारले, "तिकडे कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्सवाला असन ना?"

"असेलच."

"त्याचा नंबर काढून द्या. अन् त्याले हिंदी येते का, तेवढं विचारा."