प्रोसेसरला टोपी

संजनाची ऑनलाइन मुलाखत संध्याकाळी पाचला होती, आणि सनीने जेवणाचं ताट उचलल्याबरोबर कॉम्प्युटरपुढे बसकण मारली.

"आजच कशाला हे?" ती दबक्या आवाजात म्हणाली. पाळण्यात रुद्रचा नुकता कुठे डोळा लागत होता. दात येऊ लागल्यापासून पोराने दुपारची झोप सोडली होती, आणि त्याच्यापायी तिनेही.

"तुझ्यासाठीच चाललंय. मागच्या मुलाखतीत तुझं तोंड उघडं राहून स्क्रीन अडकली होती, विसरलीस? प्रोसेसर जरा जास्त वेगाने पळवू."

"सेफ असतं ते?"

"एकदम. थोडा वेग वाढवायचा, मग भरपूर काम देऊन टेस्ट लावायची. टिकला तर ठीक."

"आणि नाही टिकला तर?"

"बंद पडतो."

"याला सेफ म्हणतात?"

"स्वतःहून बंद पडतो, म्हणून तर सेफ."

बाळंतपणानंतरची पहिली नोकरी हातातोंडाशी आलेली. नाशिक रोडच्या त्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता, आणि नवरा काही बदलून मिळत नाही. संजनाने पाळण्याची दोरी धरली.

टेस्ट सुरू झाली तसा आतला पंखा घुमायला लागला. सनीने उठून खिडकी सताड उघडली. जानेवारीचं वारं थेट पाळण्यावर आलं.

"लाव ती. त्याची छाती भरेल."

"प्रोसेसर तापतोय. रुद्रला टोपी घालता येते, याला नाही येत."

संजनाने रुद्रला कानटोपी घातली आणि खिडकीही लावली. सनीने उघडली. तिने पुन्हा लावली. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, पंखा गप्प झाला आणि रुद्रने भोकाड पसरलं.

निफाडहून आलेल्या सासूबाई, सिंधुबाई, बाहेरच्या खोलीतून आल्या. "सन्या, लेकराला का छळतो रे?"

"अहो, आता पुरे करता का?" संजना म्हणाली. सासूबाईंसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची. आजच्या 'अहो'ला धार होती.

सनीने वेग कमी करून टेस्ट लावली. रुद्र झोपला. सिंधुबाई दोनतीनदा 'लेकराला बघून जाते' म्हणत आत येऊन गेल्या. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, रुद्र पुन्हा उठला. सनीने वेग होता तिथे आणून ठेवला. तरीही तेच.

"काहीच वाढवलेलं नाही, तरी तापतोय. जळला बहुतेक."

रुद्रचा खुळखुळा टेबलाखाली पडला होता, तो उचलायला संजना वाकली आणि तशीच राहिली. खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर रुद्रचे लंगोट ओळीने पसरले होते.

"आई, हे तुम्ही ठेवले?"

"मंग? दोन दिस झाले, थंडीत वाळंनात. हितं चुलीच्या कडंवानी ऊब येतीय. लय झ्याक वाळत्यात."

सनीने डोकं धरलं. "आई, ती ऊब बाहेर पडायला पाहिजे गं."

"मंग मी कुठं कोंडली? लंगोटात तर गेली."

लंगोट उचलले तसा प्रोसेसर निवला. सनीने वेग पुन्हा, या वेळी बेताने, वाढवून टेस्ट लावली आणि ती चालतच राहिली. पाचला थोडा अवकाश असताना त्याने ऐटीत टेस्ट थांबवली. "बस. घोडा तयार आहे."

पंखा गप्प झाला. रुद्र किंचाळत उठला.

"त्याला झोपाया ह्या गिरणीचा आवाज लागत असंल," सिंधुबाई म्हणाल्या. "त्याचा बाप बी दळणाच्या रांगेत खांद्यावर झोपायचा."

संजनाने घड्याळाकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि स्वतः माउस ओढून टेस्ट सुरू केली. पंखा घुमला, रुद्रची मान कलली. ती जुना मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली, तो साखरेच्या डब्याला टेकवला आणि मुलाखतीला बसली.

दुसऱ्याच प्रश्नाला सनी दारात आला. हातवारे करत कुजबुजला, "तापमान चढतंय. बंद करू?"

संजनाने मोबाइलचा माइक बंद केला, चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही.

"खबरदार. खिडकी उघड. पूर्ण."

"अगं, पण रुद्रची छाती..."

"त्याला टोपी आहे."