मशीनमधला चोर

सिद्धम्माचा फोटो गेल्याचं विरुपाक्षाला सकाळी कळलं. मुरूम गावातलं आपलं डाळीचं दुकान उघडून, तराजूला आणि कॉम्प्युटरला भस्म लावून त्याने बटण दाबलं, तर स्क्रीन स्वच्छ. बायको सिद्धम्मा गेल्यापासून वर्षभर मशीन झाकूनच होतं. वर्षाच्या पूजेला मोठा करायचा म्हणून त्याने कालच जुन्या कॅमेऱ्यातला तिचा एकुलता एक हसरा फोटो स्क्रीनवर आणून ठेवला होता, आणि वर शहाणपणा करून कॅमेऱ्यातला पुसून टाकला होता.

संशय शेजारच्या पेंडीच्या दुकानदारावर, धनाजीवर गेला. काल संध्याकाळी तोच प्रिंट काढायला आला होता.

"धनाज्या, काल मशीनला हात लावलास का न्हाय?"

"लावला की! प्रिंट काय फुंकर मारून निघती व्हय, अण्णा?"

"मग फोटो कुठं गेला?"

"वहिनीचा फोटो घिऊन म्या काय पेंडीच्या पोत्यावर छापू?"

हे उत्तर विरुपाक्षाला आधीच तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. चोर नेटमधूनही शिरायला नको म्हणून त्याने नेटची वायर उपटली, लेकीच्या लग्नातला एक फोटो सापळा म्हणून स्क्रीनवर ठेवला, मशीन बंद केलं आणि दुकानाला दोन कुलपं लावली.

दुसऱ्या दिवशी कुलपं जागेवर होती. भस्म लावलं, बटण दाबलं. लग्नाचा फोटो दिसला आणि बघता बघता नाहीसा झाला. धनाजी दारात चहा घेऊन उभा होता.

"अण्णा, माझे दोन्ही हात बघून ठेवा. एकात कप, एकात बशी."

विरुपाक्षाने पुण्याला लेकीला, शिवप्रियाला फोन लावला. "वायर काढली, तरी चोर शिरतोय!"

"अप्पा, चोर बाहेरून येतच न्हाय. आवराआवरीचं एक काम तुमच्याच मशीनवर चालतंय, त्याला नेट लागत न्हाय. मशीन सुरू झालं की स्क्रीनवरचं सगळं उचलून एका फोल्डरमध्ये टाकतंय."

"कुणी सांगितलं त्याला?"

"आईनं. तुमच्या पसाऱ्याला लई कावली होती. माझ्याकडून शिकून तिनंच लावलंय."

दोन्ही फोटो त्या फोल्डरमध्ये निघाले. खाली सिद्धम्मा असतानाच नाहीसा झालेला त्याचा जुना सगळा पसाराही होता, ज्यापायी त्याने निम्म्या पेठेवर संशय घेतला होता.

"आता ते बंद कसं करायचं सांगते, अप्पा."

"थांब, गिऱ्हाईक आलंय."

दुकानात धनाजीशिवाय कुणी नव्हतं. त्याला विरुपाक्षाने किलोभर तूरडाळ बांधून दिली.

सिद्धम्माचा फोटो मोठा होऊन गल्ल्यामागे लागला. विरुपाक्ष अजून संध्याकाळी जाताना काहीबाही स्क्रीनवर टाकून जातो. सकाळी मशीन सुरू केलं की ते आवरलं जातं. ते काम बंद करायचं राहिलं आहे.