माझ्या नापासांचं पुनरुत्थान

भूतकाळ पुसता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या कॉलेजची नियमावली वाचलेली नसते. मी वाचली होती. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की विद्यार्थ्याने एखादा विषय पुन्हा घेतला, तर जुनी श्रेणी सरासरीतून वगळली जाईल आणि नवी धरली जाईल. या नियमाचं नाव 'क्षमा'. अमेरिकेच्या उत्तर मिनेसोटातल्या, लुथरन पंथाच्या ख्रिस्ती गावात वाढलेल्या माणसाला 'क्षमा' हा शब्द दिसला की तो पुढचं वाचत नाही. मीही वाचलं नाही.

पुसण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. दंतवैद्य व्हायचं म्हणून मी कॉलेजात गेलो, आणि पहिल्या दोन वर्षांतच कवितेने मला गाठलं. वर्गात सेंद्रिय रसायनशास्त्र चाललेलं असायचं तेव्हा मी तळ्याकाठी बसून धुकं पाण्यावरून कसं उठतं ते पाहत असायचो. धुक्याची परीक्षा कोणी घेतली नाही. रसायनशास्त्राची घेतली. शेवटी इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन मी बाहेर पडलो, आणि पदवीच्या मागे विज्ञानातले नापास अशा दिमाखात चालत होते, जणू वरातीमागून आलेली भटकी कुत्री.

पुढे मी गावात परतलो, कोरिनशी लग्न केलं आणि ती जिथे रोग्यांचे दात साफ करते त्याच दवाखान्यात फोन घ्यायला बसलो. दवाखाना डॉ. लव्हॉन ओकर्लुंड यांचा. आमच्या गावात दंतवैद्य त्या एकट्याच. त्यांच्यानंतरचा दंतवैद्य गाठायचा तर बर्फातून तासभर गाडी हाकावी लागते, आणि दुखऱ्या दाढेला त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा नावानिशी भेटतो. रोगी यायचे ते हिवाळ्यातल्या पाखरांसारखे अंग फुगवून, मान आत ओढून. त्यांच्याशी बोलताना मला पहिल्यांदा कळलं की तळ्याकाठी मी जे शोधत होतो ते बहुधा इथेच, प्रतीक्षेच्या खुर्च्यांवर बसलेलं होतं.

म्हणून मी पदवीनंतर पुन्हा कॉलेजात गेलो. नापास झालेले सगळे विषय परत घेतले, आणि या वेळी जवळजवळ प्रत्येकात 'अ' श्रेणी मिळवली. कॉलेजने दिलेल्या कागदावर जुनी पापं नाहीशी झाली होती आणि सरासरी झळकत होती: साडेतीन. चारपैकी साडेतीन. मी बारा डेंटल कॉलेजांना अर्ज केला. आमच्याकडे सगळे अर्ज एकाच मध्यवर्ती संस्थेतून जातात. तिथे कोणीतरी बसून सगळी गुणपत्रकं तपासतं आणि सरासरी नव्याने काढतं. काढू देत, मी म्हटलं. साडेतीन कितीही वेळा काढली तरी साडेतीनच येणार.

डॉ. ओकर्लुंड यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. शहरातली एक कंपनी दवाखाना विकत मागत होती. हसऱ्या दाढेचं चित्र लावणारी ती कंपनी. शेजारच्या दोन गावांतले दवाखाने तिने घेतले, आठवड्यातून दोन दिवसांवर आणले आणि मग बंद केले. हसरी दाढ अजून दोन्हीकडे भिंतीवर हसते आहे.

"खरं सांग, लीफ," डॉक्टरांनी मला विचारलं. "प्रवेश मिळेलसं वाटतं का? तसं असेल तर मी अर्धा दिवस काम करीन, तू शिकून येईपर्यंत कशीबशी रेटीन. नसेल तर कंपनीला उत्तर द्यायचंय."

"साडेतीन, डॉक्टर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच भारदस्त वाटला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग रविवारी चर्चच्या जेवणात लोकांना सांगून टाकते."

मी ही गोष्ट कोरिनला सांगितली. कोरिनने तिच्या वडिलांना सांगितली. तिथून पुढे कोणी कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. माझे सासरे व्हर्लिन हे शाळेच्या बसचे निवृत्त चालक. गावातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकेकाळी शाळेत सोडलेलं आहे, आणि बातमीही ते तशीच दारोदार सोडतात. रविवारपर्यंत पेट्रोलपंपावरची बाई मला "साडेतीन" या नावाने हाक मारू लागली होती.

रविवारी प्रार्थना संपली आणि गाव चर्चच्या तळघरात जेवायला उतरलं. लांब टेबलांवर घरोघरी भट्टीत भाजून आणलेले पदार्थ होते, बटाट्याच्या गोळ्यांखाली दडलेला खिमा, नेहमीचाच. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर तरंगत होतं. डॉ. ओकर्लुंड कॉफीच्या भांड्याशी उभ्या होत्या आणि जेवणं झाली की बोलणार होत्या. माझ्या खिशात फोन थरथरला.

मध्यवर्ती संस्थेचा निरोप होता. माझी गुणपत्रकं तपासून झाली होती.

कबरी उघडाव्यात तशा त्या पडद्यावर ओळी उघडत गेल्या. सेंद्रिय रसायनशास्त्र, नापास. त्याखाली सेंद्रिय रसायनशास्त्र, 'अ'. भौतिकशास्त्र, नापास. भौतिकशास्त्र, 'अ'. मी पुरलेला प्रत्येक विषय अंगावरची माती झटकत उठला होता आणि आपल्या तरुण जुळ्या भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आमच्या कॉलेजने केलेली क्षमा या संस्थेला मान्य नव्हती. जुने प्रयत्न, नवे प्रयत्न, पदवीआधीचे, पदवीनंतरचे, सगळे एकाच पातेल्यात ओतून तिने ढवळले होते. तळाशी आकडा होता: दोन पूर्णांक नऊ.

माझ्या पोटात तळं गोठलं. आवाज न करता, कडेपासून मध्यापर्यंत. समोर शंभर माणसं बटाट्याचे गोळे चावत होती, आणि मला दिसत होतं ते एवढंच की थोड्याच वेळात डॉक्टर माझ्या शब्दावर कंपनीला नकार देतील, मला कुठेच प्रवेश मिळणार नाही, त्या थकतील, आणि या सगळ्या चावणाऱ्या तोंडांचं पुढे काय होणार. नकळत माझा हात गालावर गेला.

"काय झालं?" कोरिनने विचारलं. "पांढरा पडलायस."

खरं बोलायला फक्त तोंड उघडायचं होतं. मी ते उघडलं, आणि त्यातून आलं, "दाढ."

"दुखतेय?"

"फार."

"आई गं. आणि आज सांगतोयस? थांब, डॉक्टरांना बोलावते."

"नको, नको, आत्ता नको. जेवू देत त्यांना."

"बाबा," कोरिन तोवर वळली होती, "लीफची दाढ ठणकतेय."

व्हर्लिननी काटा खाली ठेवला. "डॉक्टर जेवणात, रोगी जेवणात, दवाखाना रस्त्याच्या पलीकडे," ते म्हणाले. "पोरा, दाढ दुखावी तर अशी."

पुढच्या क्षणी आमची मिरवणूक बर्फातून रस्ता ओलांडत होती: पुढे डॉक्टर, त्यांच्यामागे कोरिनने दंडाला धरलेला मी, आणि शेवटी हातात ताट घेतलेले व्हर्लिन. त्यांना दाराबाहेरच थांबवण्यात आलं. ते काचेला नाक लावून उभे राहिले.

त्या खुर्चीशेजारी मी आजवर शेकडो माणसांना सांगत आलो होतो की घाबरण्यासारखं काही नाही. आता तिच्यावर आडवा झाल्यावर समजलं की मी खोटं बोलत होतो. वरचा दिवा शेवटच्या न्यायनिवाड्यासारखा माझ्यावर झुकला. ट्रेमध्ये हत्यारं ओळीने चमकत होती.

"कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जीभ फिरवली आणि हाताला येईल ती दाढ दाखवली. खालची, डावीकडची.

"ही?"

"हीच."

"नक्की?"

"जीव जातोय, डॉक्टर."

त्यांनी माझ्या जबड्यात ठोकळा बसवला, गालात कापसाच्या गुंडाळ्या खोचल्या, आरसा आत घातला आणि त्या दाढेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग आरसा बाहेर काढून त्यांनी कोरिनकडे पाहिलं. कोरिन आता माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती नजर लग्नाच्या कंत्राटात नव्हती.

"लीफ," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "या दाढेचं रूट कॅनाल मीच केलंय. हिच्यात नस नाही. हिला ठणकायचं म्हटलं तरी ठणकता यायचं नाही. तर मग काय दुखतंय?"

त्या क्षणी मला सगळं सांगावंसं वाटलं. खरोखर वाटलं. पण तोंडात अर्धा कापसाचा मळा होता. माझ्या घशातून निघालेला आवाज ऐकून बाहेर व्हर्लिनचं ताट हललं. म्हणून मी हात वर केला. दोन बोटं दाखवली. मूठ वळून पूर्णांकाची खूण केली. मग दोन्ही हात उचलून नऊ बोटं पसरली.

डॉक्टरांनी माझी बोटं मोजली. "दोन," त्या म्हणाल्या, "पूर्णांक नऊ?"

मी डोळे मिटून मान हलवली. माझ्या कानात अश्रू शिरले. आडवा माणूस रडला की असंच होतं.

"संस्थेने काढलेली सरासरी?" कोरिनने विचारलं. मी पुन्हा मान हलवली. "आणि हे सांगायच्या ऐवजी तू दाढ उपटून घेणार होतास? चांगली दाढ?"

"चांगली नाही, मेलेली," डॉक्टर म्हणाल्या आणि कापूस काढू लागल्या. "अरे, तुझं कॉलेज तुला क्षमा करील, ते त्याचं घरचं. ही संस्था पाद्री नाही, ती बेरीज करते. विषय जितक्या वेळा घेतलास तितक्या वेळा मोजते. पदवीनंतर घेतलेलेही पदवीच्याच सरासरीत घालते. हे तू अर्ज करायच्या आधी वाचलं नाहीस?"

"'क्षमा' वाचलं," मी म्हणालो.

"पदवीनंतरची ओळ वेगळीही दाखवतात. तिथे काय आहे?"

"तीन पूर्णांक नऊ."

"मग काही कॉलेजं ती ओळ बघतील आणि म्हणतील, हा माणूस उशिरा का होईना, जागा झाला. काही जण एकूण दोन पूर्णांक नऊ बघून पुढचं पान उघडणारच नाहीत. कुठली कशी, ते मला माहीत नाही."

"मग तुम्ही कंपनीला काय सांगणार?"

"ते नंतर. आधी तू गावाला दिलेला साडेतीन परत घे."

आम्ही उठलो तेव्हा दाराच्या काचेत व्हर्लिन नव्हते. काचेवर नाकाचा ओलसर ठसा तेवढा होता. आणि चर्चची घंटा वाजत होती.

आमच्याकडे जेवणाच्या मध्ये घंटा कोणी वाजवत नाही. तळघराच्या जिन्यावर पाय ठेवला तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या. सारं गाव उभं होतं. पाद्री डोळे मिटून आभार मानत होते. व्हर्लिन एका खुर्चीवर चढले होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"अकरा," ते मला पाहून म्हणाले. "मी काचेतून पाहिलं, पोरा. दोन आणि नऊ. बारातल्या अकरा कॉलेजांनी घेतलं तुला."

शंभर माणसं टाळ्या वाजवत असताना माणूस जितका एकटा असतो, तितका तो तळ्याकाठीही नसतो. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. अकरा तर अकरा. पण कॉफीच्या भांड्याशी डॉ. ओकर्लुंड जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या.

"अकरा नाहीत," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने. टाळ्या एकेक करून थांबल्या. "अजून एकही नाही. माझी सरासरी साडेतीनही नाही. ती दोन पूर्णांक नऊ आहे. जुने नापास पुसले गेले असं मला वाटलं होतं. ते मोजले गेले. दाढ दुखत नव्हती. मी घाबरलो होतो."

वर घंटा वाजतच राहिली. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "याहून वाईटही होऊ शकलं असतं."

आमच्या मुलखात याहून मोठी शाबासकी नाही. लोक बसले आणि पुन्हा काटे उचलले.

व्हर्लिन खुर्चीवरून सावकाश उतरले. "म्हणजे अकरा नाहीत?"

"नाहीत."

"आणि नकार?"

"तोही कोणी दिलेला नाही. अर्ज अजून कोणी उघडलेलाच नाही."

"मग बाराच्या बारा शिल्लक आहेत की," ते म्हणाले, आणि घंटा थांबवायला निघून गेले.

डॉ. ओकर्लुंडनी कप खाली ठेवला. "कंपनीच्या माणसाला मी विचारलं होतं," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "घाबरलेल्या रोग्याचं तुम्ही काय करता? म्हणाला, संगीत लावतो. या पोराला भीती आतून माहीत आहे. आज खुर्चीत मी ती पाहिली. पूर्ण जबडाभर होती. मी एक वर्ष थांबते. उत्तरं येऊ देत. तोवर कंपनीला नाही." त्यांनी कप उचलून घोट घेतला. "आणि हो, ज्या दाढेचा हा जीव जात होता, तिच्यात नसच नाहीये. ती मीच काढलीय."

गाव इतकं हसलं की जेलीतलं गाजर थरथरलं. मीही हसलो. माझ्या पोटातलं तळं वितळत होतं, आणि मला पहिल्यांदा खात्री वाटली की या माणसांना मी हवा आहे, माझा आकडा कितीही असो. त्या भरात मी दोनदा जेलीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा फोन वाजत होता. मग तो वाजतच राहिला. पेट्रोलपंपावरची बाई, पाद्री, मागच्या टेबलावरचा तो उदार माणूस, सगळ्यांचं काम एकच: डॉक्टर ओकर्लुंड निवृत्त व्हायच्या आत, जमलं तर याच महिन्यात, तोंडातले झाडून सगळे दात त्यांच्या हातून तपासून घ्यायचे होते. त्यांना वेळा मीच दिल्या.